दोन महिन्यांत दुसरी भरती: हार्ट फेल्युअरचे एक प्रकरण

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे, तर त्याचा पंप कमी पडणे आणि अंगात पाणी तुंबणे. हे प्रकरण शिकवण्यासाठी बेतलेले आहे. यातले आकडे कुणा एका व्यक्तीचे नाहीत, पण अशा रुग्णांच्या केसपेपरवर रोज दिसतात तसेच आहेत. डोस दिले आहेत ते उपचारामागचा विचार कळावा म्हणून. ते पाहून कुणी स्वतःची गोळी बदलू नये.

रुग्ण आणि तक्रार

वय ६२, पुरुष. १२ वर्षांपासून रक्तदाब, ९ वर्षांपासून मधुमेह. ४ वर्षांपूर्वी हृदयाच्या पुढच्या भिंतीचा मोठा अटॅक आला, तेव्हा एक स्टेंट बसवला. दोन महिन्यांपूर्वी दम लागतो म्हणून पहिल्यांदा भरती झाली. इकोमध्ये पंपिंग, म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन, ३० टक्के निघाले. अँजिओग्राफीही तेव्हाच झाली. स्टेंट उघडा होता, नवा अडथळा नव्हता. पाच दिवसांनी घरी सोडले.

या आकड्याने घरचे लोक हादरतात, म्हणून एक खुलासा. निरोगी हृदयही प्रत्येक ठोक्याला पूर्ण रिकामे होत नाही. साधारण ५५ ते ७० टक्के रक्त बाहेर टाकते, तेवढेच सामान्य. त्यामुळे ३० टक्के म्हणजे ‘७० टक्के हृदय गेले’ असे नाही. पण ४० किंवा त्याखालचा आकडा हा हार्ट फेल्युअरचा असा गट आहे, ज्यात औषधांनी आयुष्य वाढते याचा पुरावा सर्वात भक्कम आहे.

आता तक्रार तीच, पण जास्त जोरात. पंधरा दिवसांपासून जिना चढताना थांबावे लागते. आठवड्यापासून आडवे झाले की घुसमटते. आधी दोन उशा लागायच्या, मग तीन, आणि शेवटच्या तीन रात्री खुर्चीत बसूनच काढल्या. मध्यरात्री दचकून जाग येते, खिडकीशी जाऊन उभे राहिल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी श्वास बसतो. चपलेचा पट्टा पायात रुततो. छातीत दुखणे नाही, ताप नाही.

तपासताना रक्तदाब १४२/८८, नाडी १०८ आणि नियमित, श्वास मिनिटाला २८, बोटावरच्या यंत्रात ऑक्सिजन ८८ टक्के. ४५ अंशांत टेकवून बसवल्यावर मानेतली शीर जबड्याच्या कोनापर्यंत फुगलेली. दोन्ही फुप्फुसांत मध्यापर्यंत ओलसर आवाज, हृदयाचा तिसरा ठोका ऐकू येतो, यकृत बरगडीखाली दोन बोटे. नडगीवर अंगठा दाबून धरला की खड्डा पडतो आणि तो गुडघ्यापर्यंत सापडतो. वजन ७९.६ किलो.

हात मात्र उबदार. ही नोंद छोटी वाटते, पण पुढचा सगळा उपचार तिच्यावर ठरतो. हात-पाय उबदार आणि अंगात पाणी, म्हणजे रक्त पुढे पुरेसे जाते आहे, तुंबले आहे ते मागे. अशा रुग्णाला पाणी उतरवणारे औषध हवे. हात-पाय गार, वरचा आणि खालचा रक्तदाब एकमेकांजवळ आलेला, लघवी तुटपुंजी, रुग्ण गुंगीत असे चित्र असेल तर ते वेगळे संकट आहे. तिथे आयसीयू आणि हृदयाला जोर देणारी औषधे लागतात.

तपासण्या

एनटी-प्रोबीएनपी, म्हणजे हृदयावर ताण आला की रक्तात वाढणारे द्रव्य, ७,२०० पिकोग्रॅम. दम लागून आलेल्या माणसात हा आकडा ३००च्या खाली असेल तर हार्ट फेल्युअर जवळपास नाकारता येते. ५० ते ७५ वयात ९००च्या वर असेल तर शक्यता भक्कम होते. लठ्ठ व्यक्तीत तो फसवा कमी येतो, मूत्रपिंडाच्या आजारात किंवा एट्रियल फिब्रिलेशनमध्ये (ठोके अनियमित पडण्याच्या आजारात) फसवा जास्त. ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारे) किंचित वाढलेले, पण तीन तासांनी पुन्हा तपासले तरी तेवढेच. नवा अटॅक असता तर हालले असते.

मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन १.६ (पहिल्या भरतीतून जाताना १.२), सोडियम १३१, पोटॅशियम ४.६, हिमोग्लोबिन ११.४, फेरिटिन ५८ आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन १३ टक्के (दोन्ही शरीरातले लोह दाखवतात), एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ७.६, थायरॉइड ठीक. ईसीजीत लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक (डाव्या कप्प्याकडे जाणारी विजेची वाट अडलेली), क्यूआरएस (कप्प्यांत वीज पसरायला लागणारा वेळ) १५८ मिलिसेकंद. इकोत पंपिंग २८ टक्के, डावा कप्पा ६६ मि.मी.पर्यंत ताणलेला, मायट्रल झडपेतून मध्यम गळती. झडप मुळात चांगली आहे. कप्पा ताणल्यामुळे तिची पाती मिटत नाहीत. पुढच्या भिंतीचा जुना अटॅक असल्याने टोकाशी गुठळी आहे का हे मुद्दाम पाहिले, नव्हती.

पिशवीतली औषधे

हृदय दोन महिन्यांत ३० टक्क्यांवरून २८ टक्क्यांवर आले, हा फरक इकोच्या मोजमापातल्या चुकीएवढाच आहे. म्हणजे हृदय नव्याने बिघडलेले नाही. मग अंगात पाणी का भरले? उत्तर बहुतेक वेळा औषधांच्या पिशवीत असते, म्हणून ती पलंगावर रिकामी करायची. डिस्चार्ज कार्ड वाचून ‘हीच औषधे चालू ना?’ विचारले की उत्तर नेहमी ‘हो’ येते.

“काका, लघवीची गोळी रोज घेता ना?” नर्सने विचारले.

“घेतो की.”

फ्युरोसेमाइड ४० मि.ग्रॅ.च्या दुसऱ्या पाकिटात १५ पैकी ११ गोळ्या शिल्लक होत्या, आणि ते पाकीट महिन्यापूर्वी आणलेले. पत्नीने खुलासा केला: बाहेर जायचे असले की हे गोळी घेत नाहीत, वाटेत सारखे लघवीला जावे लागते. आणि बाहेर जाणे आठवड्यातून चार-पाच दिवस.

पिशवीत आणखी तीन गोष्टी निघाल्या. गुडघेदुखीसाठी आयब्युप्रोफेन ४००, दिवसातून तीन वेळा, दहा दिवस. ॲसिडिटीसाठी पाण्यात फसफसणारी पावडर, रोज दोनदा. आणि ॲम्लोडिपिन ५, जी डिस्चार्ज कार्डावर नव्हती, पण जुन्या चिठ्ठीवरून चालूच होती.

आयब्युप्रोफेन आणि त्याच्या भाईबंदांचा दोष नेमका असा: आजारी हृदयामागे काम करणारे मूत्रपिंड आपला रक्तपुरवठा प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यांच्या आधारावर टिकवून असते. ही वेदनाशामके तीच द्रव्ये बंद करतात. मूत्रपिंडात येणारी धमनी आकसते, सोडियम अडवले जाते आणि फ्युरोसेमाइडचा परिणाम बोथट होतो. फसफसणाऱ्या पावडरीत खाण्याचा सोडा असतो, म्हणजे सोडियमच. पाण्यात विरघळणाऱ्या पॅरासिटामॉलच्या एका गोळीतही साधारण ४०० मि.ग्रॅ. सोडियम असते, म्हणजे एक ग्रॅम मिठाइतके. जेवणातले मीठ मोजणाऱ्या घरात हे कुणाच्या ध्यानात येत नाही. ॲम्लोडिपिन त्या मानाने निरुपद्रवी, पण घोट्यावर स्वतःच सूज आणते आणि रक्तदाबातली जागा अडवून बसते. ती जागा पुढे कामाच्या औषधांसाठी हवी असते.

तरीही सगळा दोष रुग्णाच्या माथी मारणे चुकीचे ठरेल. पहिल्या डिस्चार्ज कार्डावर वजन ७४.६ किलो लिहिलेले होते. या भरतीत पाणी पूर्ण उतरल्यावर वजन निघाले ७१.४. दोन महिन्यांत चरबी-मांस थोडे कमी झाले असे धरले, तरी पहिल्या वेळी ते दोन-तीन किलो पाणी अंगात घेऊनच घरी गेले होते. पाय उतरले आणि खोलीत फिरताना दम लागेना, की रुग्णालाही घर दिसू लागते आणि डॉक्टरांनाही पलंग. पण पायावर सूज दिसू लागते तीच मुळात काही लिटर पाणी साचल्यावर. सूज गेली म्हणजे पाणी संपले असा अर्थ होत नाही. शिवाय कार्डावर रॅमिप्रिल २.५ आणि मेटोप्रोलॉल २५, दोन्ही सुरुवातीचे डोस, आणि ‘३ महिन्यांनी दाखवणे’.

पहिले सहा तास

डोके उंच ठेवून बसवले आणि ऑक्सिजन लावला. ऑक्सिजन ९० टक्क्यांच्या वर असलेल्या रुग्णाला तो सवयीने लावू नये, पण इथे गरज होती. श्वास २५च्या वर आणि ऑक्सिजन कमी असल्याने मास्कने दाब देणारे यंत्र खाटेशी आणून ठेवले, लागले नाही. आयब्युप्रोफेन, पावडर, ॲम्लोडिपिन बंद. ऑक्सिजन कमी असेपर्यंत मधुमेहाचे मेटफॉर्मिनही थांबवले. मेटोप्रोलॉल बंद केले नाही. रुग्ण शॉकमध्ये नसेल तर चालू असलेला बीटा ब्लॉकर (मेटोप्रोलॉलसारखे ठोके मंद करणारे औषध) भरतीच्या दिवशी काढून टाकणे नुकसानीचे असते. एकदा काढला की तो परत सुरू व्हायचा राहून जातो.

फ्युरोसेमाइड शिरेतून ४० मि.ग्रॅ. नियम असा की घरी तोंडाने जेवढा रोजचा डोस, तेवढा ते दुप्पट शिरेतून द्यावा. गोळीऐवजी इंजेक्शन का? आतड्याच्या भिंतीलाही सूज असते, गोळी रेंगाळत शोषली जाते आणि रक्तातली पातळी हवी त्या उंचीपर्यंत पोचत नाही. या औषधाला उंबरठा असतो. तो ओलांडला तर लघवी सुटते, नाही ओलांडला तर जवळपास काहीच होत नाही. म्हणून उपयोग होत नसेल तेव्हा तोच छोटा डोस पुन्हा देण्यात अर्थ नसतो. डोस दुप्पट करायचा.

हे कळायला उद्या सकाळपर्यंत थांबायचे कारण नाही. दोन तासांनी लघवीतले सोडियम तपासले: ४२. लघवी १९० मि.लि. दोन तासांनी सोडियम किमान ५० ते ७० हवे आणि पहिल्या सहा तासांत लघवी ताशी १०० ते १५० मि.लि.च्या वर हवी. दोन्ही नाहीत, म्हणून लगेच ८० मि.ग्रॅ. पुढच्या दोन तासांत ५२० मि.लि. झाली. मग ८० मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा ठरवले. सतत ठिबकत द्यावे की इंजेक्शन ठरावीक वेळी द्यावे हा वाद २०११च्या ‘डोस’ चाचणीने बराचसा मिटवला. दोन्हींत फरक निघाला नाही.

२४ तासांत लघवी ३.६ लिटर, पोटात गेले १.२ लिटर. दुसऱ्या सकाळी वजन ७७.३, तिसऱ्या सकाळी ७५.६, क्रिएटिनिन १.४.

क्रिएटिनिन खाली आले याचे अनेकांना आश्चर्य वाटते, कारण लघवीच्या औषधाने ‘किडनी खराब होते’ असा समज आहे. मूत्रपिंडातून रक्त वाहण्यासाठी येणाऱ्या धमनीत दाब जास्त आणि निघणाऱ्या शिरेत कमी असावा लागतो. हृदय मागे तुंबले की शिरेतला दाब चढतो आणि गाळण मंदावते. इथे मूत्रपिंड पाण्यानेच दबले होते. पाणी उतरताच ते मोकळे झाले.

चौथा दिवस

तिसऱ्या दिवशी लघवी मंदावली; चौथ्या सकाळी वजन फक्त ७४.९पर्यंत उतरले. पोटॅशियम ३.४. मूत्रनलिकेच्या एका भागात सोडियमची वाट अडवली की पुढचा भाग दोन-तीन दिवसांत ते जास्त ओढायला शिकतो. अशा वेळी त्या पुढच्या भागावर काम करणारे लघवीचे दुसरे औषध, मेटोलॅझोन, जोडण्याची पद्धत आहे आणि ती चालतेही, पण सोडियम मुळातच १३१ असताना ते आणखी घसरण्याची भीती होती, म्हणून टाळले. फ्युरोसेमाइड १२० मि.ग्रॅ. दोनदा केले.

पाचव्या सकाळी वजन ७३.७, पण क्रिएटिनिन १.७. बहुतेक वॉर्डांत इथे गाडी अडते: ‘किडनीचा रिपोर्ट वाढला, लघवीचे औषध बंद करा.’ निर्णयाआधी तीन गोष्टी पाहिल्या. मानेतली शीर अजून फुगलेली होती. घोट्याशी खड्डा पडत होता. आणि हिमोग्लोबिन ११.४वरून १२.१ झाले होते, म्हणजे रक्त घट्ट होते आहे, पाणी खरोखर रक्तवाहिन्यांतून निघते आहे. पाणी अजून शिल्लक आणि रुग्णाला रोज बरे वाटते आहे, अशा स्थितीत क्रिएटिनिनची थोडी वाढ चालवून घ्यायची असते. वाढ चिंतेची कधी? रुग्ण गार पडत असेल, लघवी आटत असेल किंवा पाणी उतरतच नसताना आकडा चढत असेल तेव्हा. औषध चालू ठेवले.

आठव्या सकाळी वजन ७१.४. सपाट झोपून अर्धा तास बोलता येते, मानेतली शीर खाली, सूज नाही, उभे राहिल्यावर चक्कर नाही. क्रिएटिनिन १.४, एनटी-प्रोबीएनपी २,९००. म्हणजे ६० टक्के घट. भरती ते डिस्चार्ज या काळात ३० टक्क्यांहून जास्त घट हे चांगले लक्षण मानतात. ७१.४ हा आकडा कार्डावर ‘कोरडे वजन’ म्हणून ठळक लिहिला. फ्युरोसेमाइड तोंडाने ४० मि.ग्रॅ. दोनदा सुरू करून एक दिवस पाहिले आणि मग सोडले. त्याऐवजी त्याच जातीचे टॉर्सेमाइड द्यावे का, ही चर्चा जुनी आहे. मोठ्या तुलनेत मृत्यू किंवा पुन्हा भरती यांत फरक दिसलेला नाही, त्यामुळे त्यावर वेळ घालवण्यात मतलब नाही.

चार औषधे, वॉर्डातच

लघवीच्या औषधाने दम जातो. आयुष्य वाढते ते चार वेगळ्या औषधांनी. कमकुवत हृदयातून रक्त कमी सुटले की शरीर त्याचा अर्थ ‘रक्तस्राव झाला’ असा लावते: रेनिन-अँजिओटेन्सिन-अल्डोस्टेरॉन आणि ॲड्रिनलिन यांची यंत्रणा चढते, पाणी आणि मीठ धरून ठेवते, धमन्या आवळते, ठोके वाढवते. काही तास हे उपयोगी असते. महिनोन् महिने चालले की हृदयाचा स्नायू त्यातच झिजतो. चारांपैकी तीन औषधे ही यंत्रणा तोडतात. चौथे मधुमेहाच्या दारातून आले, पण मधुमेह नसलेल्यांनाही तेवढेच उपयोगी पडते.

डॅपाग्लिफ्लोझिन १० मि.ग्रॅ. दुसऱ्या दिवशी सुरू केले. याला डोस वाढवत नेणे नाही, रक्तदाब फारसा उतरत नाही, आणि फायदा काही आठवड्यांत दिसू लागतो. साखर फार उतरू नये म्हणून मधुमेहाची आधीची गोळी, ग्लिमेपिराइड, बंद केली.

स्पायरोनोलॅक्टोन २५ मि.ग्रॅ. चौथ्या दिवशी, पोटॅशियम ३.४ असतानाच. हे औषध पोटॅशियम वाढवते, म्हणजे एका दगडात दोन पक्षी. सुरू करण्यासाठी पोटॅशियम ५च्या आत आणि मूत्रपिंडाची गाळण, म्हणजे ईजीएफआर, ३०च्या वर हवी.

रॅमिप्रिलऐवजी सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन. रॅमिप्रिलचा शेवटचा डोस भरतीच्या सकाळी. त्यानंतर किमान ३६ तास जाऊ द्यावे लागतात. दोन्ही औषधे ब्रॅडिकायनिनचे विघटन अडवतात, आणि एकत्र आली तर चेहरा-घसा सुजून श्वास बंद पडण्याचा धोका असतो. घरी जुन्या रॅमिप्रिलच्या पट्ट्या उरलेल्या असतात, म्हणून त्या पिशवीतून मुद्दाम काढून घेतल्या. सुरुवात २४/२६ मि.ग्रॅ. दोनदा, चौथ्या संध्याकाळी, रक्तदाब ११८ असताना. पाचव्या दिवशीच्या क्रिएटिनिनमध्ये याचाही थोडा वाटा असणार. हे औषध घेणाऱ्यात पुढे बीएनपी तपासू नये, औषधानेच ते वाढते, एनटी-प्रोबीएनपीच पाहावे.

मेटोप्रोलॉल सक्सिनेट सातव्या दिवशी, पाणी जवळपास उतरल्यावर, २५वरून ५०. अंगात पाणी असताना बीटा ब्लॉकर चालू ठेवता येतो, पण वाढवू नये.

ही चारही औषधे एकेक करून, प्रत्येकाचा डोस पूर्ण झाल्यावर पुढचे, अशी सहा महिन्यांत चढवण्याची पद्धत होती. २०२२च्या ‘स्ट्राँग-एचएफ’ चाचणीने ती मोडली. डिस्चार्जनंतर दोन आठवड्यांत पूर्ण डोसचे लक्ष्य ठेवून वारंवार तपासलेल्या गटात १८० दिवसांतला मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरची पुन्हा भरती १५.२ टक्के होती. नेहमीच्या पद्धतीत २३.३ टक्के.

लोहाचे इंजेक्शन हा दुर्लक्षित भाग. फेरिटिन १००च्या खाली, किंवा १०० ते २९९ आणि सॅच्युरेशन २०च्या खाली असेल तर हार्ट फेल्युअरमध्ये लोहाची कमतरता धरतात, हिमोग्लोबिन कितीही असो. गोळ्यांनी इथे फायदा होत नाही. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज १००० मि.ग्रॅ. शिरेतून दिले, ५०० सहाव्या आठवड्यासाठी लिहिले.

(पंपिंग ५० टक्क्यांच्या वर असतानाही हार्ट फेल्युअर होते, स्नायू कडक झाल्याने कप्पा नीट भरत नाही. पाणी उतरवण्याची रीत तीच, पण या चौकडीतले डॅपाग्लिफ्लोझिनच्या जातीचे औषधच तिथे भरवशाने लागू पडते. हे प्रकरण त्या गटाचे नाही.)

घरी नेलेला कागद

रोज सकाळी लघवी झाल्यावर, काही खाण्याआधी, त्याच काट्यावर वजन. तीन दिवसांत २ किलोच्या वर वाढले तर दम लागो न लागो, त्याच दिवशी फोन. दम लागेपर्यंत थांबले तर ती वेळ पुन्हा इंजेक्शनची असते.

लघवीची गोळी चुकवायची नाही, पुढे ढकलायची. या एका वाक्याने पुढच्या कित्येक गोष्टी टळल्या असाव्यात. सकाळी ८ला घेणे बंधनकारक नाही. बाहेर जायचे असेल तर परत आल्यावर घ्या. परिणाम पाच-सहा तासांत ओसरतो. दुसरी गोळी दुपारी ४च्या आत, नाहीतर रात्रीची झोप जाते.

दिवसाला मीठ ५ ग्रॅमच्या आत. त्याहून कडक बंधनाने मृत्यू वा भरती टळते असे दिसलेले नाही, आणि माणूस जेवणच टाकतो. पाणी दीड-दोन लिटर, तेही सोडियम सुधारेपर्यंत. प्रत्येक रुग्णाला जन्मभर पाणी मोजायला लावण्यामागे पुरावा कच्चा आहे. गुडघ्यासाठी साधे, न फसफसणारे पॅरासिटामॉल आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम. कोणतेही नवे वेदनाशामक विचारल्याशिवाय नाही.

उलट्या, जुलाब किंवा जेवण बंद असेल त्या दिवशी डॅपाग्लिफ्लोझिन आणि मेटफॉर्मिन थांबवून फोन. फ्युरोसेमाइड, स्पायरोनोलॅक्टोन यांचे काय करायचे ते फोनवर ठरते. डॅपाग्लिफ्लोझिन घेणाऱ्याला साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल वाढण्याचा आजार होऊ शकतो: मळमळ, पोटदुखी, खोल श्वास, आणि ग्लुकोमीटर निर्धास्त. ठरलेल्या शस्त्रक्रियेच्या ३ दिवस आधी ते बंद करायचे. जननेंद्रियाजवळ बुरशीचा संसर्ग होतो, लाजून सांगितला जात नाही आणि गोळी गुपचूप बंद होते. म्हणून आधीच सांगून ठेवले.

पुढचे सहा आठवडे

पहिला आठवडा: रक्तदाब १०४/६६, पोटॅशियम ४.९, क्रिएटिनिन १.५. चक्कर नाही. शेजारच्या दवाखान्यात ‘बीपी लो आहे’ म्हणून सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन एक वेळच घ्यायला सांगितले होते. ते परत दोनदा केले. हार्ट फेल्युअरमध्ये १०४ हा आकडा तक्रार नसेल तर आजार नाही. दुसऱ्या आठवड्यात डोस ४९/५१.

तिसरा आठवडा: सकाळी उठताना डोळ्यांपुढे अंधारी. झोपून रक्तदाब १०२, उभे राहिल्यावर ८४. वजन ६९.६. आता कोणती गोळी कमी करायची, याचा क्रम ठरलेला असावा: आधी हृदयाला फायदा नसलेली रक्तदाबाची औषधे (ॲम्लोडिपिन गेलेच होते), मग रुग्ण कोरडा पडला असेल तर लघवीचे औषध, आणि सर्वात शेवटी चौघांपैकी एखादे. वजन कोरड्या वजनाच्या जवळपास दोन किलो खाली आहे, म्हणजे पाणी जास्त उतरले. फ्युरोसेमाइड ४० एकदाच केले. पाच दिवसांत वजन ७०.९ आणि अंधारी गेली. चूक औषधाच्या निवडीत नव्हती. डॅपाग्लिफ्लोझिन आणि सॅक्युबिट्रिल स्वतःही थोडे पाणी काढतात, म्हणून ती चढत जातात तसे फ्युरोसेमाइड उतरवावे लागते.

चौथा आठवडा: पोटॅशियम ५.७. रक्त काढताना पेशी फुटून आकडा खोटा वाढला का, म्हणून त्याच दिवशी पुन्हा तपासले, ५.६. ईसीजीत बदल नाही. मुलीने सांगितले, बाबांसाठी ‘कमी सोडियमचे मीठ’ आणले आहे. त्यात काढलेल्या सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असते. निरोगी माणसाला ते चालते; स्पायरोनोलॅक्टोन आणि वल्सार्टन घेणाऱ्याला घातक ठरू शकते. मीठ बंद, स्पायरोनोलॅक्टोन १२.५. तीन दिवसांनी ५.०, आठवड्याने ४.७, मग पुन्हा २५. पोटॅशियम ५.५च्या वर गेले की डोस निम्मा, ६च्या वर गेले की बंद. पण कारण सापडल्यावर औषध परत सुरू करायचे, हा भाग विसरला जातो.

सहावा आठवडा: मेटोप्रोलॉल १५०, नाडी ६२. सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन ९७/१०३ करून पाहिले. उभे राहिल्यावर रक्तदाब ८८ आणि गरगरणे, वजन मात्र योग्य. म्हणून ४९/५१वर परत. प्रत्येकाला पुस्तकातला पूर्ण डोस झेपत नाही. झेपला नाही आणि कधी चढवूनच पाहिला नाही यांत मात्र फरक आहे. लोहाचा दुसरा डोस दिला.

तीन महिन्यांनी

दोन मजले न थांबता चढतात. एनटी-प्रोबीएनपी १,१००. पंपिंग ३३ टक्के, कप्पा ६१ मि.मी., क्यूआरएस १५८ तसाच.

यंत्राचा निर्णय घ्यायची वेळ ही. आधी नाही, कारण तीन महिने नीट औषधे घेतल्यावर अनेकांचे पंपिंग ३५च्या वर जाते आणि यंत्र लागतच नाही. यांचे गेले नाही. इथे दोन वेगळ्या गरजा आहेत. पहिली अचानक मृत्यूची: जुन्या अटॅकच्या वणातून घातक ठोके सुरू झाले तर शॉक देणारे यंत्र. दुसरी ताळमेळाची: लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉकमुळे डाव्या कप्प्याची एक भिंत आधी आवळते आणि समोरची उशिरा, त्यात बराच जोर वाया जातो. क्यूआरएस १५०च्या वर आणि ब्लॉक याच प्रकारचा असेल तर दोन्ही बाजूंना एकाच वेळी इशारा देणाऱ्या पेसिंगचा फायदा सर्वात जास्त. दोन्ही कामे करणारे एकच यंत्र, सीआरटी-डी, बसवले. शॉक बसला तर छातीत जोराची लाथ बसल्यासारखे वाटते. एक शॉक बसून बरे वाटत असेल तर त्याच दिवशी फोन, लागोपाठ बसले तर थेट रुग्णालय, हे पती-पत्नी दोघांनाही आधी सांगितले.

यंत्रानंतर सहा महिन्यांनी पंपिंग ४५ टक्के, मायट्रल गळती किरकोळ, वजन ७२. तेव्हा अपेक्षित प्रश्न आला: आता गोळ्या कमी करायच्या का? स्नायूच्या मूळ आजाराने ढासळलेले आणि औषधांनी पूर्ण सुधारलेले हृदय असणाऱ्यांवर ‘ट्रेड-एचएफ’ चाचणीत औषधे टप्प्याटप्प्याने थांबवून पाहिली. सहा महिन्यांत ४४ टक्के रुग्णांचा आजार परतला. यांच्या हृदयात तर अटॅकचा वण कायम आहे. चारही औषधे आहेत तशीच. कमी झाले ते फक्त फ्युरोसेमाइड: रोजचे बंद, वजन ७४ झाले तर ४० मि.ग्रॅ. एकदा, सलग तीन दिवसांपर्यंत, आणि पहिल्या गोळीच्या दिवशीच फोन. पोटॅशियम आणि क्रिएटिनिन दर चार महिन्यांनी, यंत्राची तपासणी दर सहा महिन्यांनी, फ्लूची लस दरवर्षी.